प्रस्तावना : सीएचा अभ्यास, स्वतःच्या बळावर

भारतात सनदी लेखापाल घडवणारे एकही कॉलेज नाही. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था विद्यार्थ्याची नोंदणी करून घेते, अभ्यासाची पुस्तके देते, एखाद्या सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करायला लावते आणि फाउंडेशन, इंटर, फायनल अशा तीन पायऱ्यांवर परीक्षा घेते. संगणकाची आणि व्यवहारकौशल्याची छोटी प्रशिक्षणे सोडली, तर विषय शिकण्यासाठी कुठल्याही वर्गात हजेरी लावण्याची सक्ती या अभ्यासक्रमात नाही. कित्येक वर्षे हे शिक्षण टपालाने चालत असे. पुस्तकांचे गठ्ठे घरी यायचे, विद्यार्थी उत्तरे लिहायचे आणि तपासणीसाठी परत पाठवायचे. या परीक्षेची रचनाच मुळी स्वतः अभ्यास करणाऱ्या माणसाला समोर ठेवून झालेली आहे. हे पुस्तक लिहायला बसताना ही एक गोष्ट सर्वांत आधी सांगायची असे ठरवले, कारण नोंदणी करायला आलेल्या मुलांना ती कुणी सांगत नाही.

मुंबईला तर ही रीत फार जुनी. 1913 च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाची पात्रता पहिल्यांदा ठरवून दिली, त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि 1918 मध्ये इथेच ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ सुरू झाला. डिप्लोमा उत्तीर्ण व्हायचे, मान्यताप्राप्त अकाउंटंटच्या हाताखाली तीन वर्षे काम करायचे, मग लेखापरीक्षणाचा परवाना मिळायचा. 1 जुलै 1949 रोजी आजची संस्था अस्तित्वात आली. तिचे पहिले अध्यक्ष जी. पी. कापडिया मुंबईतच व्यवसाय करणारे होते. काम करता करता शिकायचे आणि परीक्षेला स्वतःच्या तयारीवर बसायचे, हा साचा तेव्हापासूनचा. 2023 च्या जुलैत नवी योजना आली, आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, विषय घटले. साचा बदलला नाही. उलट नव्या योजनेत कंपनी कायदा आणि कॉस्टिंग हे फायनलचे विषय ‘सेल्फ पेस्ड ऑनलाइन मॉड्यूल्स’मध्ये गेले आहेत. विद्यार्थ्याने ते आपल्या गतीने वाचायचे, संगणकावर परीक्षा द्यायची, पन्नास टक्के मिळवायचे आणि मगच फायनलला बसायचे. स्वयंअध्ययनाला खुद्द संस्थेने अभ्यासक्रमात जागा दिली आहे.

मग आज एखाद्या मुलीने घरी सांगितले की मी क्लास न लावता सीए करणार, तर घरातले चपापतात ते का? कारण मधल्या काळात क्लास हाच अभ्यासक्रम होऊन बसला. पुण्यात सदाशिव-नारायण पेठेत, मुंबईत अंधेरी-बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत, आणि गेली काही वर्षे थेट मोबाइलवर. लातूर-जळगावची मुले बॅग भरून पुण्याला येतात, कॉट बेसिसवर राहतात, डबा लावतात, आणि खर्चाचा हा डोंगर फीच्या वर असतो. मी क्लासच्या विरोधात नाही. एखादा चांगला शिक्षक तासाभरात जे उलगडून दाखवतो त्याला घरी आठवडा लागू शकतो. पण क्लासमुळे ‘लेक्चर संपवणे’ म्हणजे अभ्यास झाला असे मानण्याची सवय मुलांना जडली आहे, आणि हे सबंध पुस्तक त्या सवयीविरुद्ध आहे.

फायनलच्या एकेका विषयाची रेकॉर्डेड लेक्चर्स दीडशे तासांच्या पुढे जातात. मुले ती दीडपट, दुप्पट वेगाने पाहतात. समोर फॅकल्टी उदाहरण सोडवत असतो, प्रत्येक पायरी पटत असते, वही रंगीत पेनांनी भरत असते. महिन्याभराने तेच उदाहरण कोऱ्या पानावर सोडवायला दिले, तर पहिली ओळ कुठून सुरू करायची हेच आठवत नाही. दुसऱ्याने सोडवलेले समजणे आणि आपण सोडवणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर पार केल्याशिवाय परीक्षा सुटत नाही, आणि पुढे ताळेबंदावर सही करताही येत नाही. सही करताना शेजारी कुणी नसते.

म्हणून या पुस्तकात स्वयंअध्ययन हा शब्द मी एका नेमक्या अर्थाने वापरला आहे: उत्तर पाहण्याआधी आपले उत्तर लिहिणे. क्लास लावलेला मुलगाही हे करू शकतो. क्लास न लावलेला मुलगा हे न करता नुसती पुस्तके वाचत वर्षे घालवू शकतो. फरक या एका कृतीने पडतो.

इंटरमधले कॅश फ्लो स्टेटमेंट घ्या. एका धंद्याचा नफा 12 लाख रुपये. त्यात घसारा 3 लाख वजा झालेला आहे. वर्षभरात ऋणको 2 लाखांनी वाढले आणि धनको 1 लाखाने वाढले. धंद्यातून रोकड किती आली? 12 अधिक 3, वजा 2, अधिक 1, म्हणजे 14 लाख. वहीत चौकट केलेला नियम असतो: चालू मालमत्ता वाढली की वजा, चालू देणी वाढली की अधिक. नियम पाठ असलेला मुलगा इथवर बिनचूक येतो. मग परीक्षक एक ओळ वाढवतो: धनकोंच्या वाढीत 40 हजार रुपये यंत्र पुरवणाऱ्याचे देणे आहेत. आता चौकटीतला नियम गप्प बसतो.

ज्याने हे उदाहरण पहिल्यांदा करताना स्वतःला विचारले होते की ऋणको वाढले तर वजा का करायचे, त्याला ही ओळ अडवत नाही. विक्री नफ्यात धरली, पण पैसे हातात आले नाहीत, म्हणून वजा. माल घेतला, खर्च नफ्यातून गेला, पण पैसे दिले नाहीत, म्हणून अधिक. यंत्र तर नफ्यातून गेलेच नव्हते, तेव्हा त्याचे देणे इथे मिळवायचे कारण नाही. धनकोंची वाढ 60 हजारच धरायची, उत्तर 13 लाख 60 हजार. शिवाय ते 40 हजार अजून दिलेले नाहीत, म्हणून गुंतवणुकीच्या भागात यंत्रखरेदीचा रोख खर्चही तेवढ्याने कमी दाखवायचा. हे कळायला विशेष बुद्धी लागत नाही. ‘का’ हा प्रश्न एकदा कागदावर उतरलेला असावा लागतो. आणि तो लेक्चर पाहताना उतरत नाही, कारण तिथे उत्तर प्रश्नाच्या आधीच येऊन उभे असते.

पुस्तकाचा मोठा भाग अशाच उदाहरणांनी भरला आहे. प्रत्येक ठिकाणी प्रश्न आधी, मग जागा, आणि उत्तर मागच्या पानांवर. ती जागा मोकळी सोडून पुढे जाऊ नका. शंभर गुणांना 180 मिनिटे, म्हणजे 14 गुणांच्या प्रश्नाला सुमारे 25 मिनिटे. घड्याळ लावून लिहा, मग छापील उत्तराशी ताडून पाहा आणि आपला रस्ता कुठल्या ओळीला सुटला तेवढेच एका वहीत टिपा. परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायला ही वही सर्वांत उपयोगी पडते, कारण ती फक्त तुमचीच असते. बाजारात मिळणाऱ्या ‘फास्ट ट्रॅक’ नोट्समध्ये दुसऱ्या कुणाच्या अडचणी असतात.

साहित्याची चणचण हे कारण आता उरलेले नाही. संस्थेचे स्टडी मटेरियल, प्रत्येक परीक्षेआधी येणारे रिव्हिजन टेस्ट पेपर म्हणजे आरटीपी, मॉक टेस्ट पेपर, मागच्या परीक्षांचे पेपर आणि त्यांची सजेस्टेड आन्सर्स संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. मोफत लाइव्ह वर्गही असतात. माझे स्पष्ट मत आहे की इंटरपर्यंत तरी याबाहेरचे एकही पुस्तक विकत घेण्याची गरज नाही. एका विषयाची तीन पुस्तके जवळ बाळगणारा विद्यार्थी बहुधा एकही पुरे करत नाही.

गुणांचे गणितही नीट समजून घ्यायला हवे, कारण क्लासच्या गडबडीत ते मागे पडते. प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपच्या एकूण गुणांत 50 टक्के अशी दुहेरी अट आहे. समजा एका मुलीला ग्रुपमधल्या तीन पेपरांत 62, 41 आणि 46 मिळाले. तिन्हींत उत्तीर्ण. बेरीज 149. ग्रुप गेला, एका गुणाने. 60 च्या वर गेलेल्या पेपरात तिला एक्झम्प्शन मिळेल, बाकीचे दोन पुन्हा. दुसरीकडे एखाद्याला 39, 70 आणि 70 मिळतात. बेरीज 179 असूनही तोही नापास. म्हणजे नावडता विषय ‘ऑप्शनला टाकणे’ इथे चालत नाही, आणि सगळीकडे काठावर राहणेही चालत नाही. एकदोन विषय साठच्या पुढे नेणे आणि एकही विषय पंचेचाळीसखाली न जाऊ देणे, अशी आखणी करावी लागते. ही आखणी क्लासचे वेळापत्रक करून देत नाही. तिथे सगळ्यांना सगळे विषय सारखेच शिकवले जातात. तुमचा कच्चा पेपर कोणता हे तुम्हालाच ठाऊक असते.

निकालाचे आकडेही इथेच सांगून टाकतो. नोव्हेंबर 2023 च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी 9.42 टक्के उत्तीर्ण झाले, मे 2024 मध्ये 19.88 टक्के. चांगल्या वर्षातही पाचांतले चार जण परत बसतात. माझ्या पाहण्यातल्या परत बसणाऱ्यांत क्लास लावलेले आणि न लावलेले दोन्ही होते, आणि दोघांच्या उत्तरपत्रिकांत एकच उणीव दिसत होती: हातून पुरेसे लिहिलेले नव्हते.

उत्तरपत्रिका हा शब्द आला म्हणून सांगतो. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. आता संस्थेकडे अर्ज करून तिची प्रमाणित प्रत मिळते. ग्रुप गेल्यावर ही प्रत मागवणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटतात, आणि मागवली तरी बहुतेक जण बेरीज चुकली आहे का तेवढेच पाहतात. ती शांतपणे वाचा. चार गुणांच्या प्रश्नाला तीन पाने आणि दहा गुणांच्या प्रश्नाला अर्धे पान लिहिलेले सापडेल. ऑडिटच्या उत्तरात तरतूद लिहिली, पण दिलेल्या कंपनीला ती कशी लागू होते हे लिहायचे राहिले, असे सापडेल. तीन तासांत आपण काय केले याचा इतका खरा पुरावा दुसरा नाही.

आर्टिकलशिपवर या पुस्तकात एक लांब प्रकरण आहे. ते वगळू नका अशी विनंती आहे. ऑफिस आणि अभ्यास हे एकमेकांचे शत्रू आहेत असे मानून बरीच मुले दोन वर्षे काढतात. खरे तर ऑडिट हा विषय ऑफिसातच शिकायचा असतो. 31 मार्चला एमआयडीसीतल्या गोदामात स्टॉक मोजायला पाठवलेला आर्टिकल पाहा. रासायनिक पिंपांची रांग आहे, त्यांतली काही अर्धी भरलेली. कोपऱ्यात काही माल ठेवला आहे, तो दुसऱ्याच कंपनीचा, प्रक्रियेसाठी आलेला. दाराजवळच्या खोक्यांची बिले कालच फाटली आहेत, ट्रक मात्र आलेला नाही. अर्धे पिंप पूर्ण धरायचे का? परक्याचा माल मोजायचा का? बिल झालेला माल कुणाचा? स्टॉकमोजणीला लेखापरीक्षकाने हजर राहण्याबद्दलचे एसए 501 हे मानक पुस्तकात चार पाने व्यापते. त्या संध्याकाळी घरी येऊन ती चार पाने वाचली, तर पुन्हा पाठ करावी लागत नाहीत. तीच पाने ऑफिसचा विचारही मनात न आणता रविवारी वाचली, तर तीन वेळा वाचूनही निसटतात.

मात्र वेळापत्रक आखताना ऑफिसचे ऋतू ओळखले पाहिजेत. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचे ऑडिट, जुलैत रिटर्न, सप्टेंबरच्या शेवटाला टॅक्स ऑडिट, दर महिन्याला जीएसटी. सप्टेंबरात रात्री अकराला घरी येणाऱ्या मुलाने रोज चार तास अभ्यासाचा संकल्प सोडणे म्हणजे महिनाअखेरीला स्वतःवर चिडण्याची तयारी करणे. त्या महिन्यात रोज फक्त दहा बहुपर्यायी प्रश्न सोडवावेत. पेपरातले 30 टक्के गुण आता त्यांनाच आहेत. मोठी गणिते नोव्हेंबरासाठी ठेवावीत. नव्या योजनेत आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनीच फायनलला बसता येते. ते सहा महिने निव्वळ अभ्यासाचे, पण त्यात पहिल्यांदा पुस्तक उघडणाऱ्याला ते पुरत नाहीत. उजळणीला मात्र भरपूर होतात.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मी मुद्दाम थोडे जास्त लिहिले आहे. बारावीपर्यंत ते पुस्तपालन व लेखाकर्म शिकलेले असतात. रोजकीर्द, खतावणी, तेरीजपत्रक, घसारा हे सारे त्यांच्या हाताखालून गेलेले असते. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. क्लासमध्ये ही मुले मागच्या बाकावर बसतात, शंका विचारायला कचरतात आणि हळूहळू असे मानू लागतात की आपला पाया कच्चा आहे. पाया मुळीच कच्चा नसतो, कमतरता फक्त इंग्रजी लिहिण्याच्या सरावाची असते, आणि ती भरून काढायला घरचे टेबल उत्तम. प्रश्न वाचल्यावर त्यातली हकीकत आधी मराठीत स्वतःला सांगा: कंपनी कोण, तिने काय केले, अडचण कुठे. मग इंग्रजीत लहान लहान वाक्ये लिहा. आधी तरतूद, मग हकीकत तिला लावणे, मग निष्कर्ष. मानकातले शब्द जसेच्या तसे ठेवा, बाकीचे आपले. रोज असे एक उत्तर लिहिले, तर सहा महिन्यांत लिहिताना भाषेकडे लक्ष द्यावे लागत नाही.

कायद्यांच्या विषयांत एक सावधगिरी हवी. आयकर कायदा 1961 चा होता, त्याच्या जागी 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम, 2025 आला आहे. कलमे 819 वरून 536 वर आली, त्यांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ या जोडीच्या जागी एकच ‘कर वर्ष’ आले. मोठ्या भावाच्या नोट्सवर अभ्यास करणाऱ्याला हे भोवेल. कोणत्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतचे बदल लागू, हे संस्था वेळोवेळी जाहीर करते. क्लासमध्ये ही बातमी कानावर आपोआप पडते. घरी अभ्यास करणाऱ्याने ती महिन्यातून एकदा स्वतः पाहायची असते.

क्लास कुणी लावावा, याचेही उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. विज्ञान किंवा कला शाखेची पदवी घेऊन थेट इंटरला येणाऱ्याने अकाउंट्सचा लावावा. ज्याला कन्सॉलिडेशन दोनदा वाचूनही उभे राहत नाही, त्याने फायनान्शियल रिपोर्टिंगचा लावावा. लॉ आणि ऑडिटला सहसा गरज नाही. ते वाचण्याचे आणि लिहिण्याचे विषय आहेत. सगळ्या विषयांचा एकगठ्ठा क्लास लावून सकाळी सात ते दुपारी दोन तिथे बसणे मी कुणालाच सुचवणार नाही. त्यात दिवसाचे सर्वांत ताजे तास दुसऱ्याचे ऐकण्यात जातात.

पेपर तपासायला मात्र दुसरा माणूस लागतोच. अभ्यासिकेत शेजारी बसणारे दोघे-तिघे पुरतात. रविवारी एकच पेपर सगळ्यांनी लिहायचा, उत्तरपत्रिका अदलाबदल करायच्या, सजेस्टेड आन्सर समोर ठेवून कडक तपासायच्या. ओळखीच्या माणसाला गुण देताना हात सैल पडतो, तेव्हा नावे झाकून तपासा.

पालकांना एक सांगायचे आहे. क्लास न लावणारे मूल नापास झाले की ‘क्लास लावला असतास तर’ हे वाक्य पहिल्या संध्याकाळीच येते, लग्नाकार्यात नातेवाईक ‘अजून झाले नाही का’ विचारतात, आणि त्या बोलण्याने पुढचा अटेम्प्ट जातो. या परीक्षेत दोन-तीन वेळा बसणे नेहमीचे आहे, निकालाचे आकडे वर दिलेच आहेत. मुलाला घरात एक टेबल, दाराला कडी आणि दुपारी दोन ते पाच कुणी हाक न मारण्याची हमी द्या. परीक्षा त्याच वेळेत असते, सरावही त्याच वेळेत व्हायला हवा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एक काम. पहिले प्रकरण आज उघडू नका. संस्थेच्या संकेतस्थळावरून तुमच्या पातळीचा मागच्या परीक्षेचा कुठलाही एक पेपर उतरवून घ्या, छापा आणि उद्या दुपारी दोनला घड्याळ लावून बसा. अभ्यास झालेला नसला तरी पाचपर्यंत उठू नका, जे येईल ते लिहा. पाचनंतर सजेस्टेड आन्सर काढून स्वतःला गुण द्या आणि तो आकडा या पानाच्या समासात तारखेसह लिहा. मग पहिल्या प्रकरणाकडे वळा.